दादासाहेबांच्या मिशीवरचा माऊस

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. आणि बसू नये असंच मला वाटतं, कारण बसला तर या गावात राहायची लाज वाटेल," अशी मी सुरुवात केली.

परवा संध्याकाळची गोष्ट. केळीच्या बाजारभावाचा फोन यायचा होता आणि आम्ही नेहमीचे रिकामटेकडे फ्रूटसेल सोसायटीच्या पत्र्याच्या शेडखाली बसलो होतो. समोर भंगारवाल्याच्या हातगाडीवर सोसायटीचा पहिला कॉम्प्युटर चढवला जात होता. पडदा पालथा पडलेला, कीबोर्डचे दात पडलेले आणि माऊस आपली वायर गाडीखाली सोडून लोंबत होता. निळकंठ मास्तर म्हणाले, केवढा रुबाब होता या वस्तूचा एके काळी. मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झाले आहेत, त्यामुळं रुबाब संपलेल्या वस्तूंबद्दल त्यांना फार कळवळा. मी म्हटलं, रुबाबाचं काय घेऊन बसलात, त्या लोंबणाऱ्या माऊसनं एका चेअरमनला, एका अख्ख्या संचालक मंडळाला आणि जळगावच्या एका इंजिनीअरला महिनाभर नाचवलं होतं. आणि ते नाचणं थांबवलं कोणी, तर तुमच्यासमोर बसलेल्या या पुरुषोत्तम भंगाळेनं.

सुदाम सरोदे लगेच पुढं सरकला. त्यानं आयुष्यभर केळीचा ट्रक दिल्लीपर्यंत हाकला. ट्रकवाल्यांना खोटं ऐकायची सवय असते, म्हणून तो माझा आवडता श्रोता. मास्तरांनी मात्र चष्मा पुसायला घेतला, म्हणजे यांचा विश्वास नाही.

"माझ्यावर विश्वास नसेल तर या कुंदाताई बसल्यात, त्यांना विचारा," मी म्हटलं.

कुंदाताई अत्तरदे बाकाच्या टोकाला मांडीवर मेथीची जुडी घेऊन पानं खुडत बसल्या होत्या. सोसायटीच्या मॅनेजर म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या, पण संध्याकाळी पाय अजून इकडंच वळतात. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "सांगा, सांगा."

मग काय, परवानगीच मिळाली.

तर मी सोसायटीत कारकून होतो, त्या वेळी चेअरमन होते भाऊसाहेब बेंडाळे. चेअरमन कशामुळं, तर त्यांचे वडील दादासाहेब चेअरमन होते म्हणून. दादासाहेबांनी सोसायटी उभी केली, त्यांना केळीच्या बागेत नुसतं उभं केलं तरी किती माल निघेल ते सांगायचे. भाऊसाहेबांचं केळीतलं ज्ञान एवढंच, की सोलून हातात दिलं तर ते केळं आहे हे ते ओळखत. पण बाप गेल्यावर खुर्चीला मुलगा लागतो, असं आपल्या सभासदांचं मत. मत कसलं, सवय.

सोसायटीत कॉम्प्युटर आला तेव्हा तो कुठं ठेवायचा यावर चर्चा झालीच नाही. जी वस्तू सगळ्यांत महाग ती चेअरमनच्या टेबलावर, हा आपला रिवाज. त्या जागी आधी टेबलफॅन होता, मग टेलिफोन आला, मग हा. भाऊसाहेबांना तो सुरू करता येत नव्हता, बंदही करता येत नव्हता. पण त्याचा उजेड तोंडावर पडला की आपण काम करतो आहोत असं त्यांना वाटायचं. खरं काम करायची ती ही कुंदा. तेव्हा ताई कुठल्या, विशीतली पोरगी, तात्पुरत्या नेमणुकीवरची. टेबलाच्या कडेला एका स्टुलावर बसून, चेअरमनच्या पोटाला धक्का लागणार नाही अशा बेतानं हात लांबवून ती बिचारी दिवसभराच्या मालाची नोंद करायची.

आता खरी गोम ऐका. त्या टेबलावर बोटभर जाडीची काच होती. दादासाहेबांचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा भाऊसाहेबांनी जळगावच्या फोटोवाल्याकडून वडिलांचा फोटो मोठा करून आणला. किती मोठा, तर टेबलाएवढा. आणि तो काचेखाली सारला, कारण कामाच्या वेळी वडिलांचं दर्शन व्हायला पाहिजे. दादासाहेबांना मुळातच मिशा दांडग्या. फोटो एवढा ताणल्यावर एकेक मिशी केळीच्या घडाएवढी झाली. उजवीकडची मिशी बरोबर तिथं आली जिथं माऊस फिरवायचा असतो.

त्या दिवसापासून टेबलावर काही ठेवायची सोय राहिली नाही. थोर माणसाच्या तोंडावर फाइल ठेवणार कोण? लोक फाइली हातात धरून उभे राहायचे, सही झाली की हातातच घेऊन जायचे. चहाचा कप भाऊसाहेब स्वतः तळहातावर घेऊन बसायचे. एका अकाउंटंटनं चुकून दादासाहेबांच्या कपाळावर कप ठेवला. खाली गोल डाग उमटला. दुसऱ्या दिवशी त्याची बदली नदीकाठच्या वजनकाट्यावर. तो गृहस्थ पुढं निवृत्त होईपर्यंत तिथं ट्रक मोजत होता. सुदाम, तुझाही ट्रक त्यानं मोजला असेल.

सुदाम म्हणाला, मोजला असणार.

"मग माऊस कसा चालायचा?" मास्तरांनी विचारलं. मास्तर अशा ठिकाणी बरोबर नख लावतात.

मी म्हटलं, त्याचाही शास्त्रार्थ झाला होता. उपाध्यक्ष तोताराम वारके यांनी निकाल दिला की वस्तू ठेवली तर दादासाहेब झाकले जातात, पण माऊस ठेवायचा नसतो, फिरवायचा असतो. ठेवणं हा अपमान, फिरवणं ही सेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. काम संपलं की कुंदा माऊस उचलून पडद्याच्या कानाला टांगून ठेवायची. तेव्हाच्या माऊसच्या पोटात गोळी असायची. ती काचेवर लोळायची, मिशीवर लोळायची, कुठंही लोळायची. तिला थोर-लहान काही नव्हतं.

इतकं सुरळीत चाललेलं असताना भाऊसाहेब मुंबईला गेले आणि नवा माऊस घेऊन आले. आयात केलेला. त्याच्या पोटात गोळी नव्हती, लाल दिवा होता. जुना माऊस हायस्कूलला समारंभपूर्वक भेट दिला, हार घालून, फोटो काढून. पेपरात बातमी आली, 'सोसायटीकडून विद्यार्थ्यांना तंत्रज्ञानाची भेट.' म्हणजे परत मागायचे दोरही कापले.

दुसऱ्या दिवशी कुंदानं नवा माऊस मिशीवर फिरवला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. मध्येच शहारल्यासारखा थरथरायचा, की परत पुतळा. तिनं वायर काढून पुन्हा खोचली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फुंकर मारली. रुमालानं दिवा पुसला. पुतळा तो पुतळाच.

आता शहाण्या माणसाला वाटेल की वस्तू काल आणली, आज चालत नाही, तर दोष वस्तूत किंवा जागेत. पण भाऊसाहेबांनी वेगळा विचार केला. वस्तू मुंबईची, तीसुद्धा आयात केलेली, म्हणजे तिच्यात दोष असू शकत नाही. टेबल तर प्रत्यक्ष वडिलांचं. उरली ती पोरगी. "हिच्या हाताला वळण नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. आणि योगायोग असा, की त्यांच्या भाच्याच्या बायकोनं नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स पूर्ण करून सर्टिफिकेटाला चौकट करून घेतली होती.

कुंदाच्या घरची अवस्था मला ठाऊक होती. तिच्या वडिलांनी सुरतेचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. मुलगा चांगल्या कमाईचा, पण अट अशी की मुलीनं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. वडील म्हणत, नोकरी पक्की झाली तर स्थळ सोडून देतो, नाही झाली तर हो म्हणून टाकतो. म्हणजे दादासाहेबांच्या मिशीवर तो बाण हलला तर पोरगी गावात राहणार, नाही हलला तर सुरतेत एका माळ्यावर पोळ्या लाटणार. असा सगळा हिशेब होता. खोटं सांगतोय का, कुंदाताई?

"हे खरं आहे," कुंदाताई म्हणाल्या आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं.

पाहिलंत मास्तर?

तर मग सुरू झाला उपचार. पहिल्यांदा वारके म्हणाले, अर्थिंग नाही. मागच्या भिंतीशी जो अर्थिंगचा खड्डा आहे त्यात मीठ आणि पाणी ओतायला लावलं. एक माणूस फक्त तेवढ्याच कामाला. इतकं पाणी ओतलं की शेजारची पपई, जी वर्षानुवर्षं वांझ उभी होती, ती त्या हंगामात लगडली. फळं खारट निघाली, पण लगडली. माऊस हलला नाही.

मग कुणीतरी म्हणालं, दिशा चुकली आहे. टेबल पूर्वेकडं तोंड करून फिरवलं. त्यामुळं दरवाजा भाऊसाहेबांच्या पाठीशी आला. चेअरमनच्या पाठीमागून माणसं येणं बरं नव्हे, म्हणून दरवाजा बुजवून दुसरीकडं काढला. आजही ऑफिसात शिरताना तुम्ही गोदामाला वळसा घालता ना? त्याचं कारण कुणाला माहीत नाही, आता कळलं. नारळ फुटला, लिंबू टांगलं, पडद्याला हळदीकुंकू झालं.

मग उपसमिती नेमली. सहकारात एखादी गोष्ट करायची नसेल तर उपसमिती नेमतात, आणि समितीला काही कळत नसेल तर तिला अभ्यास दौऱ्यावर पाठवतात. वारके आणि आणखी दोघं इंदूरला गेले. तिथं त्यांनी निरनिराळ्या कचेऱ्यांतले माऊस पाहिले असं म्हणतात. खाल्लं काय ते मी सांगत बसत नाही, पण परत येताना एकेकाच्या सदऱ्याचं बटण उघडं होतं आणि जीपच्या टपावर शेवेचे डबे. अहवाल सभेपुढं वाचला गेला. निष्कर्ष एकच: इंदूरचे माऊस चालतात. अहवालाचं टाळ्यांनी स्वागत झालं.

सुदाम हसून हसून खोकायला लागला. मास्तर म्हणाले, पपई फार झाली हो अण्णा. मी म्हटलं, पपई सोडा, इंजिनीअर ऐका.

जळगावहून मुजुमदार नावाचा इंजिनीअर बोलावला. टाय लावलेला, हातात चामड्याची बॅग. स्टुलावर बसला, माऊस काचेवर फिरवला, बाण हलेना. त्यानं माऊस उचलून सहज स्वतःच्या मांडीवर फिरवला. बाण सुटलेल्या वासरासारखा पडदाभर धावला. परत काचेवर ठेवला, मेला. परत मांडीवर, जिवंत.

आता एवढं डोळ्यांदेखत झाल्यावर शेंबड्या पोरालाही कळावं की गोम काचेत आहे. लाल दिव्याला जाड काचेवर पकड सापडत नाही, मध्ये एखादा पुठ्ठा ठेवला की काम झालं. आणि कळलंच हो. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. वारकेंना कळलं, कारकुनांना कळलं, पाणी देणाऱ्या शिपायाला कळलं. मुजुमदारानं तर तोंडही उघडलं, "साहेब, याच्याखाली एखादा जाडसर..." आणि त्याची नजर खाली गेली. खालून दादासाहेब त्याच्याकडं बघत होते. मग त्यानं वर पाहिलं. वरून भाऊसाहेब बघत होते. वजनकाट्यावरच्या त्या अकाउंटंटची गोष्ट त्याला कुणी सांगितली होती की काय कोण जाणे. त्यानं टाय सैल केला आणि म्हणाला, वस्तू परदेशी आहे, तिला आपल्याकडची उष्णता मानवत नाही.

झालं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. स्टाफच्या खोलीतला कूलर उचलून माऊसच्या तोंडासमोर आणून ठेवला. बाहेर आम्ही रजिस्टरानं वारा घेत घामानं निथळत होतो, आणि आत काचेवर तो माऊस गारव्यात पहुडलेला. माणसापेक्षा माऊसनं सुखात राहावं असा काळ मी पाहिलेला आहे.

काम मात्र अडलं नव्हतं. भाऊसाहेब जेवायला घरी गेले, की कुंदा माऊस मांडीवर घ्यायची आणि गुडघ्यावर फिरवून सगळ्या नोंदी करून टाकायची. फटफटीचा आवाज आला की माऊस परत मिशीवर. आम्ही सगळे हे बघत होतो. कुणीही चकार शब्द काढत नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघायचा आणि दुसरा पंख्याकडं. असली माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. पाठीचा कणा म्हणून यांना देवानं वेताची छडी दिली असावी, जिकडं वाकवाल तिकडं.

"आणि तुम्ही?" मास्तर म्हणाले. "तुम्हीही होतातच की."

मी म्हटलं, मी योग्य वेळेची वाट बघत होतो. गप्प बसण्यात आणि वाट बघण्यात फरक असतो, मास्तर. गप्प बसणाऱ्यांत पहिला नंबर कुणाचा विचाराल तर तो आमच्या हेडक्लार्कचा, वामन ढाकेचा. वारला बिचारा, देव त्याचं भलं करो, पण खरं ते खरं. भाऊसाहेब शिंकले तरी हा रुमाल पुढं करायचा. कुंदानं एकदा त्याला म्हटलं होतं, काका, तुम्ही तरी सांगा त्यांना. तर हा म्हणाला, थांब पोरी, बघू.

कुंदाताईंचा मेथीवरचा हात थांबला. मला वाटलं अळी दिसली असेल.

शेवटी तो दिवस उजाडला. मुंबईहून कापडियाशेठ यायचे होते, केळी परदेशात पाठवणारे. त्यांची अट अशी, की आजचा माल कोणाच्या बागेतून किती आला हे कॉम्प्युटरवर डोळ्यांनी बघेन, मगच करार. सकाळीच भाऊसाहेबांनी कुंदाला उभं करून सांगितलं, आज पाहुण्यांसमोर हे चाललं नाही तर उद्यापासून यायचं नाही. भाच्याची बायको नवी साडी नेसून बाहेरच्या खोलीत येऊनच बसली होती. आणि तिकडं सुरतेची माणसं जवळच चोपड्याला नातेवाइकांकडे उतरली होती, संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणून.

दुपारी कापडियाशेठ आले. केळीची वेफर्स खाल्ली, ताक प्यायले आणि टेबलाशी येऊन उभे राहिले. भोवती सगळं संचालक मंडळ, मुजुमदार, आम्ही कारकून. भाऊसाहेब खुर्चीत. कुंदा स्टुलावर. तिनं माऊस मिशीवर ठेवला. बाण थरथरला आणि थांबला. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा.

भाऊसाहेबांनी माऊस तिच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः घासायला लागले. लोखंड घासावं तसा. डावीकडून उजवीकडं, मिशीवरून नाकावर, नाकावरून परत मिशीवर. घामाचे थेंब काचेवर पडायला लागले. शेठ घड्याळाकडं बघायला लागले.

त्या क्षणी एकेकाची काय तऱ्हा. तोताराम वारके पंख्याची पाती मोजत होते. मुजुमदार चष्मा पुसत होता, आणि चष्मा त्याच्या हातात नव्हताच, खिशात होता. आणि आपला हेडक्लार्क वामन ढाके, आता काहीतरी बोलावं लागेल या भीतीनं गडी "वायर लूज दिसते" असं पुटपुटला आणि चक्क टेबलाखाली शिरला. संचालक मंडळासमोर. बूट बाहेर काढून, ओणवा होऊन. टेबलाखालून फक्त दोन पाय बाहेर दिसत होते. त्यातल्या एका मोज्याला अंगठ्याशी भोक. तो अंगठा त्या भोकातून बाहेर येऊन सगळ्या संचालक मंडळाकडं बघत होता, जणू ढाकेच्या अंगात जो काही धीटपणा होता तो तेवढाच.

भाऊसाहेबांनी माऊस टाकला आणि कुंदाला म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही."

तेव्हा मी पुढं झालो. कसा झालो मलाच माहीत नाही. मी म्हटलं, "भाऊसाहेब, एक विचारू?"

"काय आहे?"

"दादासाहेब जिवंत असताना त्यांच्या मिशीला हात लावायची कुणाची छाती होती का?"

"नाही," भाऊसाहेब म्हणाले. "कुणाची नव्हती."

"मग महिना झाला, आपण रोज त्यांच्या तोंडावर ही वस्तू घासतोय. आत्ता तुम्ही स्वतःच्या हातानं त्यांचं नाक घासलंत. ते कसे हलू देतील हिला?"

भाऊसाहेबांनी आपल्या हाताकडं पाहिलं. मग काचेकडं. त्यांचा चेहरा उतरला, डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या हातानं," ते म्हणाले. "सख्ख्या बापाला." आणि खुर्चीतून उठून त्यांनी काचेवर डोकं टेकवलं.

मग काय सांगू, ज्या माणसांना महिनाभर वाचा नव्हती त्यांना एकदम कंठ फुटला. वारके म्हणाले, मी हेच म्हणणार होतो. दुसरे म्हणाले, मी तर पहिल्यापासून म्हणतोय. काच उचलायला एवढे हात पुढं आले की काचेपेक्षा हात जास्त झाले. दादासाहेबांना बाहेर काढलं, भिंतीवर सन्मानानं लावलं, झेंडूचा हार घातला. काच परत बसवली. कुंदानं कुठूनसा एक पुठ्ठा काढला, तो काचेवर ठेवला आणि त्यावर माऊस. आता काचेखाली कुणीच नव्हतं, त्यामुळं ठेवण्याला कुणाची हरकत नव्हती. बाण असा धावला म्हणून सांगू, कापडियाशेठ म्हणाले, वाह. करार झाला. भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पोरीचा हात गुणाचा आहे. पुढच्या सभेत तिची नेमणूक पक्की. संध्याकाळी सुरतेची माणसं नकार घेऊन परत गेली. पुढं हीच पोरगी सोसायटीची मॅनेजर झाली, आणि कशामुळं झाली, तर माझ्या दोन वाक्यांमुळं. मी त्याचा कधी गाजावाजा केला नाही.

"वा, अण्णा," सुदाम म्हणाला. "तुमची कमाल आहे."

मी म्हटलं, कमाल कसली, वेळेवर तोंड उघडायला लागतं इतकंच. तेच काहींना जमत नाही. तुम्हाला सांगतो, करार झाला, पेढे वाटले गेले, शेठची गाडी गेली, तरी ढाके टेबलाखालीच. वायर धरून. शेवटी शिपायानं वाकून सांगितलं की साहेब घरी गेले, आता या बाहेर. बाहेर आला तो गुडघे झाडत, आणि मलाच विचारतो कसा, काय रे, जमलं का? माणूस मेला तरी माझ्या डोळ्यांसमोर तो तसाच येतो, ओणवा. अशा माणसांनीच या संस्था बुडवल्या. स्वतः मात्र...

"पुरूअण्णा," कुंदाताई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण मॅनेजरकीच्या काळात त्या याच आवाजात रजा नामंजूर करायच्या, त्यामुळं मी थांबलो. त्यांनी निवडलेली मेथी पिशवीत भरली, काड्या एका बाजूला सारल्या.

"मी सगळं ऐकून घेतलं," त्या म्हणाल्या. "पपई ऐकली, इंदूर ऐकलं. भाऊसाहेबांशी मी जे बोलले ते तुम्ही स्वतःच्या तोंडी घातलंत, तेही जाऊ द्या म्हटलं, ऐकायला बरं वाटतंय यांना. पण ढाकेकाकांना मध्ये आणू नका. ते त्या दुपारी ऑफिसात नव्हतेच."

"नव्हते म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"आमच्या घरी होते. ओसरीवर. माझे वडील सुरतेच्या माणसांना हो म्हणायला निघाले होते, तर काका दारातच बसून राहिले. म्हणाले, पोरगी घरी येईपर्यंत मी उठत नाही आणि तुम्हालाही जाऊ देत नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी. मी आले, नोकरी राहिली म्हणून सांगितलं, तेव्हा उठले."

हातगाडी रस्त्याला लागली होती. सुदाम सरोदेनं एकदा कुंदाताईंकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि त्याच्या सगळं खरं मानणाऱ्या डोक्यात जे यायचं तेच आलं.

"मग टेबलाखाली कोण होतं?"

कुंदाताई पिशवी उचलून उभ्या राहिल्या.

"ते अण्णांना विचार," त्या म्हणाल्या. "मोज्याला भोक होतं, तेवढं मात्र त्यांनी खरं सांगितलं."